इलेक्ट्रिकल, ईएनटीसी की इन्स्ट्रुमेंटेशन? लेकीचा ऑप्शन फॉर्म भरायचाय

बार्शीची_आई

नमस्कार मंडळी. लेकीची सीईटी झाली, पर्सेंटाइल ९५च्या आगेमागे आहे आणि कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म आता तोंडावर आलाय. कम्प्युटर घ्यायचं नाही हे तिचं तिनंच ठरवलंय आणि आम्हा दोघांना ते पटलंय, त्यामुळे त्यावर पुन्हा खल नको. घोळ आहे तो इलेक्ट्रिकल, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) आणि इन्स्ट्रुमेंटेशन या तिघांत. तिन्हींचा अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून बघितला तर निम्मे विषय सारखेच दिसतात. मग पुढं नोकरीत फरक नेमका कुठं पडतो?

तिच्याबद्दल थोडं सांगते. आमची शेती आहे. एक फेज गेला की विहिरीवरची मोटर नुसती घुमते, फिरत नाही, असं का, हे विचारून तिनं नववीत असताना वायरमनदादांना भंडावून सोडलं होतं. त्यांनीही कौतुकानं तिला स्टार्टर उघडून ओव्हरलोड रिले, सिंगल फेज प्रिव्हेंटर सगळं दाखवलं. आता सौरपंप बसलाय, तर त्याच्या कंट्रोलरसमोर उभी राहून ढग आला की हर्ट्झचा आकडा कसा खाली येतो ते वहीत लिहून ठेवते.

मी खासगी शाळेत शिकवते, मिस्टर शेती बघतात. सरकारी नोकरीचा हट्ट नाही, पण ती वाट बंद होऊ नये असं वाटतं. आणखी एक. एका खासगी कॉलेजातून रोज फोन येतोय, 'इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्प्युटर' घ्या, दोन्हीकडच्या नोकऱ्या मिळतात म्हणून. खरंच मिळतात का?

सह्यकडा

ताई, आधी कॉलेज, मग शाखा. सरकारी किंवा अनुदानित जुनं कॉलेज मिळत असेल तर या तिघांपैकी काहीही चालेल. बाकीचे जाणकार लिहितीलच.

खडू_फळा

मी इलेक्ट्रिकलच्या मुलांना शिकवतो, तेव्हा माझं झुकतं माप तिकडं असणार, हे धरून वाचा.

तुमच्या शेतातल्या त्या कंट्रोलरवरूनच सांगतो, कारण तिन्ही शाखा त्या एका डब्यात आहेत. पॅनेलमधून डीसी येतो. ऊन जसं बदलेल तसं पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज खेचण्यासाठी आतला प्रोग्राम सतत व्होल्टेज वरखाली करून बघतो, त्याला एमपीपीटी म्हणतात. मग सहा आयजीबीटी स्विच त्या डीसीचा तीन फेज एसी करतात आणि ऊन कमी झालं की फ्रिक्वेन्सीही कमी करतात. तुमची लेक लिहून ठेवते तो आकडा हाच. विहिरीतलं पाणी संपलं की मोटरीवरचा भार उतरतो, ते ओळखून कंट्रोलर पंप थांबवतो. आणि त्यातलं सिमकार्ड पंप किती चालला याची माहिती सर्व्हरला पाठवतं.

आता वाटणी बघा. मोटर, केबलची जाडी, अर्थिंग, संरक्षण हे इलेक्ट्रिकलचं. प्रोसेसर, त्याचा बोर्ड, सिमकार्डचा मोडेम हे ईएनटीसीचं. भार आणि पाण्याची पातळी मोजून त्यावर निर्णय घ्यायचा, हे इन्स्ट्रुमेंटेशनचं. आयजीबीटीचा मधला भाग म्हणजे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. तो इलेक्ट्रिकलमध्ये मन लावून शिकवतात, ईएनटीसीत अनेक ठिकाणी ऐच्छिक विषय म्हणून उरतो.

निम्मे विषय सारखे दिसतात हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. नेटवर्क, सिग्नल्स, कंट्रोल, ॲनालॉग, डिजिटल आणि गणित तिघांनाही आहे. एमटेकच्या प्रवेशासाठी गेट परीक्षा असते, तिच्या ईई, ईसी आणि आयएन या तिन्ही पेपरांत हेच विषय पुन्हा पुन्हा भेटतात. फरक उरलेल्या निम्म्यात आहे आणि चार वर्षं मुलाचा जीव रमतो की घुसमटतो ते तिथंच ठरतं. इलेक्ट्रिकलला मशिन्स आणि पॉवर सिस्टिम. ईएनटीसीला इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स, कम्युनिकेशन, व्हीएलएसआय (म्हणजे चिपचं डिझाइन). इन्स्ट्रुमेंटेशनला सेन्सर आणि प्रोसेस कंट्रोल. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतो. तिला तो स्वतः वाचू द्या. पहिलं वर्ष बघून काही कळत नाही, ते सगळ्यांचं जवळपास सारखंच.

उपकेंद्र_२२०

ताई, मी २२० केव्हीच्या उपकेंद्रात सहायक अभियंता आहे. मुलगी आहे म्हणून इलेक्ट्रिकल नको, असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच, म्हणून मुद्दाम लिहितेय. शिफ्ट असतात, रात्रपाळी असते, पावसाळ्यात लाइन ट्रिप झाली की फोन खणखणतात. पण खांबावर चढणं हे इंजिनिअरचं काम नाही. आमचं काम डोक्याचं आणि शिस्तीचं आहे.

उदाहरण देते. लाइनवर कुठंतरी झाड पडलं. डिस्टन्स रिले हे लाइनचं संरक्षण करणारं उपकरण व्होल्टेज आणि करंटचं गुणोत्तर काढतं आणि त्यावरून दोष किती किलोमीटरवर आहे ते सांगतं. त्याचा पहिला झोन, म्हणजे जिथपर्यंतच्या दोषावर ते लगेच लाइन तोडतं तो टप्पा, साधारण लाइनच्या ८० टक्क्यांपर्यंत लावतात. शंभर टक्के लावला तर मोजमापातल्या जराशा चुकीनंही पलीकडच्या उपकेंद्रातला दोष आपल्या अंगावर यायचा आणि दोष नसलेल्या गावांची वीज जायची. हे सेटिंग कुणीतरी बसून काढतं, किट लावून तपासतं, सही करतं. सीटीचं, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरचं, सेकंडरी चालू स्थितीत उघडं ठेवायचं नाही, हे मला कॉलेजात एका वाक्यात शिकवलं होतं. इथं त्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

आता नोकरीचं. वीज मंडळाचं २००५ साली विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण झालं. तिघांच्याही अभियंता पदांत मोठा वाटा इलेक्ट्रिकलचा. पण ईएनटीसीला दार बंद आहे असंही नाही. महापारेषणमध्ये दूरसंचार विभागात सहायक अभियंत्याची पदं असतात, कारण दोन टोकांचे रिले एकमेकांशी बोलतात ते मनोऱ्यांच्या माथ्यावरच्या तारेतल्या ऑप्टिकल फायबरवरून. महानिर्मितीत इन्स्ट्रुमेंटेशनवाले लागतात. फक्त जागा मोजायच्या झाल्या तर इलेक्ट्रिकलच्या जास्त निघतात. भरती दरवर्षी निघतेच असं मात्र समजू नका, मध्ये बरीच वर्षं कोरडी जातात.

आणि वीज म्हणजे जुनाट क्षेत्र असा समज असेल तर तो काढून टाका. चंद्रपूरहून पडघ्याला १९९९पासून ५०० केव्हीच्या डीसी लाइनवर १५०० मेगावॅट वीज येते. दोन्ही टोकांना थायरिस्टरची, म्हणजे एसी-डीसी बदल करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांची, भलीमोठी दालनं आहेत. सर म्हणतात ते पॉवर इलेक्ट्रॉनिक्स या मापाचंही असतं.

चिपवाला_हैदराबाद

मी ईएनटीसी, मग गेट देऊन एमटेक, आता हैदराबादेत चिप व्हेरिफिकेशन करतो.

ईएनटीसीच्या बाजूनं बोलायला हवं, कारण सेमीकंडक्टरची हवा सध्या खरीच आहे. २०२१च्या डिसेंबरात केंद्रानं ७६ हजार कोटींची योजना आणली, धोलेऱ्यात टाटांचा फॅब होतोय, साणंदला मायक्रॉन आहे, आसामात जागीरोडला टाटांचं पॅकेजिंग. एआयसीटीईनं २०२३मध्ये व्हीएलएसआयच्या पदवीचा स्वतंत्र अभ्यासक्रमही काढला. पण पालकांचा एक गोंधळ होतो. फॅबमध्ये चिप बनते. तिथं रसायन, पदार्थविज्ञान, मेकॅनिकल, इन्स्ट्रुमेंटेशन असे सगळे लागतात. ईएनटीसीवाल्यांना ज्या नोकऱ्या हव्या असतात त्या चिपच्या डिझाइनच्या, आणि त्या बंगळूर, हैदराबाद, नोएडा आणि थोड्या पुण्यात आधीपासूनच आहेत. धोलेऱ्यात फॅब झाला म्हणून डिझाइनच्या जागा आपोआप वाढत नाहीत.

काम कसं असतं ते सांगतो. डिझाइनवाल्यानं व्हेरिलॉग या भाषेत सर्किट लिहिलं की ते कुठल्या परिस्थितीत चुकेल हे शोधणं माझं काम. चिप एकदा छापायला गेली की दुरुस्ती नाही, नवा मास्क (चिप छापायचा साचा) काढावा लागतो आणि तो प्रचंड महाग. म्हणून लिहिणाऱ्यांपेक्षा तपासणारे जास्त लागतात. बसून, चिकाटीनं करायचं काम आहे. पगार चांगला आहे. पण फ्रेशरला घेताना कंपन्या मोजक्याच कॉलेजांत जातात, बाकीच्यांना गेट-एमटेकची वाट धरावी लागते. ही दोन वर्षं हिशोबात धरून मगच ईएनटीसी घ्या.

कॉलेज बघताना एक गोष्ट कटाक्षानं विचारा. तिथली ईएनटीसीची मुलं शेवटी जातात कुठं? बऱ्याच कॉलेजांत अख्खी बॅच सॉफ्टवेअर कंपन्यांत जाते आणि ॲनालॉगची प्रयोगशाळा वर्षानुवर्षं धूळ खात असते. शाखेचं नाव इलेक्ट्रॉनिक्स, पण चार वर्षांत मुलानं सोल्डरिंग गन धड हातात घेतलेली नाही. तुमच्या मुलीसारख्या, डबा उघडून बघणाऱ्या मुलीचं तिथं नुकसान होईल, आणि मला ते फार लागतं.

निळा_कुर्ता

पण शेवटी सगळे आयटीतच जातात ना? कुठल्याही शाखेला घेतात, दहावी-बारावी-डिग्रीला ६० टक्के असले की झालं. मग ईएनटीसी घ्या, कोडिंग शिका, विषय संपला.

खडू_फळा

सगळ्या शाखांची मुलं एकत्र घेणारी भरती असते हे खरं. पण ती कुठल्याही शाखेला मिळत असेल तर शाखा निवडताना तिचा विचार करायचंच कारण नाही. ती वाट इलेक्ट्रिकलमधूनही तेवढीच उघडी आहे. आणि ती भरती एखाद्या वर्षी आटली की सगळ्यात आधी झळ बसते ती धड आपल्या शाखेचं शिकलं नाही आणि धड कम्प्युटरचंही नाही, अशा मुलांना. अशी मुलं माझ्या केबिनमध्ये येऊन बसतात. त्यांना कोरं करकरीत प्रमाणपत्र असून हाताला काम नसतं.

लोटे_एमआयडीसी

इन्स्ट्रूवाला कुणी बोलत नाही म्हणून मी लिहितो. लोट्याच्या एका रासायनिक कारखान्यात आहे.

आमच्याकडं टाकीतला दाब, तापमान, पातळी, प्रवाह, जे जे मोजलं जातं ते ४ ते २० मिलिॲम्पच्या करंटवर कंट्रोल रूमला येतं. शून्याला शून्य का नाही, ४ का? कारण वायर तुटली की करंट खरंच शून्य होतो. मग डीसीएसला, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या संगणकप्रणालीला, लगेच कळतं की टाकी रिकामी नाही, वायर गेलीय. रिॲक्टर तापत असताना या एका फरकावर माणसं वाचतात. नवा प्लांट उभा राहतो तेव्हा असे शेकडो लूप एकेक करून तपासायचे असतात. इकडं एक जण ट्रान्समीटरला कॅलिब्रेटर लावून उभा, तिकडं एक जण स्क्रीनसमोर, वॉकीटॉकीवर आकडे जुळवत. उन्हात, धुळीत, हेल्मेट घालून. ज्याला हे आवडतं त्याला दुसरं काही आवडत नाही.

नोकऱ्या कुठं? खत कारखाने, रिफायनऱ्या, औषध कंपन्या, साखर कारखाने आणि त्यांचे डिस्टिलरी प्लांट, पुण्या-मुंबईतल्या ऑटोमेशन आणि प्रोजेक्ट कंपन्या. आखातात अनुभवी इन्स्ट्रू माणसाला अजूनही चांगली मागणी आहे. पहिली नोकरी मात्र बेताच्या पगाराची आणि आडगावातली असते, हे स्पष्ट सांगतो. चार-पाच वर्षं काढली की मग भाव येतो.

तोटाही सांगतो. शाखा थोड्याच कॉलेजांत आहे. नांदेडचं गुरू गोविंदसिंहजी, पुण्यात सीओईपी, व्हीआयटी अशी नावं आहेत. यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेसला सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन हे चारच गट आहेत, इन्स्ट्रूचा वेगळा गट नाही. एनटीपीसीसारख्या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्स आणि इन्स्ट्रुमेंटेशनच्या जागा निघतात, पण एकंदरीत सरकारी वाट अरुंद आहे.

बार्शीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला वाचून दाखवलं. सरांचा कंट्रोलरचा परिच्छेद तिनं पुन्हा वाचायला लावला आणि चार मिलिॲम्पवर तर घरात चर्चा झाली. तिचा कल इलेक्ट्रिकलकडं झुकतोय असं दिसतंय. पण 'इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्प्युटर'बद्दल कुणी बोललं नाही. त्या कॉलेजचं म्हणणं, दोन्ही शाखांची मिळून एकच पदवी, म्हणजे फायदाच.

जाहिरात_आधी_वाचा

ताई, मी गेली काही वर्षं स्पर्धा परीक्षांची तयारी करतोय, त्यामुळे भरतीच्या जाहिराती वाचण्यातच दिवस जातो. त्या अनुभवावरून सांगतो.

जाहिरातीत शैक्षणिक अर्हतेची एक ओळ असते. तिथं 'इलेक्ट्रिकल', फार तर 'इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स' असं छापलेलं असतं. तुमच्या गुणपत्रिकेवर जे नाव आहे ते त्या ओळीत हवं. नसेल तर समकक्षतेचं पत्र आणा, कॉलेजकडं जा, विद्यापीठाकडं जा, अर्जाची मुदत संपते. कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर बसलेला माणूस विषयांची यादी बघत नाही, पदवीचं नाव बघतो. दोन शाखांची नावं जोडून पदवी झाली म्हणून दोन्ही ओळींत ती बसेल, असं अजिबात नाही. कित्येकदा एकीतही बसत नाही. खासगी कंपन्यांत एवढी अडचण येत नाही, पण तुम्ही सरकारी वाट बंद नको म्हणालात म्हणून लिहिलं.

आणि त्या कॉलेजला विचारा, या शाखेला एनबीए (अभ्यासक्रमाचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मानांकन आहे का? कॉलेजला आहे हे उत्तर चालणार नाही, ते शाखेगणिक मिळतं. पदवी अभ्यासक्रमाच्या निदान दोन बॅच बाहेर पडल्याशिवाय एनबीएला अर्जच करता येत नाही. शाखा नवी असेल तर मानांकन नसणारच. त्यात कुणाची लबाडी नाही, पण फोनवर हे कुणी सांगत नाही.

कम्प्युटरची आवड पुढं लागली तर इलेक्ट्रिकल करतानाच जादा १८-२० क्रेडिटचा मायनर, म्हणजे दुसऱ्या शाखेचा जोड अभ्यासक्रम, घेता येतो. पदवी इलेक्ट्रिकलची राहते आणि मायनरचाही उल्लेख मिळतो. कॉलेजात कुठले मायनर प्रत्यक्षात चालतात ते तेवढं विचारून घ्या.

स्टुटगार्टहून

एक छोटी भर. पुढं जर्मनीत मास्टर्स करायचा विचार असेल तर इथं इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स अशी फोड फारशी नाही, बहुतेक विद्यापीठांत एकच मोठा विभाग असतो. पण प्रवेशाच्या वेळी तुमचे विषय एकेक करून तपासतात. गणिताचे क्रेडिट किती, सर्किट थिअरीचे किती, कंट्रोलचे किती. नव्या नावाच्या पदव्यांत हे पायाभूत विषय कापून कोडिंगचे घातलेले असतात, आणि मग अर्ज तिथंच अडकतो. मी ईव्हीच्या इन्व्हर्टरवर काम करतो. आमच्या टीममध्ये मशिन्स आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स पक्कं असणारी माणसं मिळवताना नाकीनऊ येतात.

चिपवाला_हैदराबाद

स्टुटगार्ट, सहमत. पुण्यातही तेच. चाकण-आकुर्डीत ईव्ही बनताहेत, आणि मोटर कंट्रोल, बॅटरी मॅनेजमेंट येणारे इलेक्ट्रिकलवाले हवे आहेत. पण ते काम करायला सी भाषा आणि मायक्रोकंट्रोलर यायलाच हवा, आणि इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक तिकडं लक्ष देत नाहीत ही माझी तक्रार आहे. खडू_फळा सरांनी राग मानू नये.

खडू_फळा

राग कसला. तक्रार रास्त आहे. आमच्या अनेक कॉलेजांत मशिन्सच्या प्रयोगशाळेत डीसी मशीनवर वेळ जातो आणि ड्राइव्हवर हात फिरतच नाही. मुलांनी ते स्वतःहून करावं लागतं. दुसऱ्या वर्षी एक साधा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेऊन छोटी मोटर चालवायला लागलं तरी तिसऱ्या वर्षाचं पॉवर इलेक्ट्रॉनिक्स वेगळं दिसतं.

उपकेंद्र_२२०

आणि ताई, पैशाचं. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत बसत असाल, तर २०२४-२५पासून मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅपमधूनच हवा. स्वयंअर्थसहाय्यित आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ते लागू नाही. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, ऐनवेळी सेतू केंद्रावर रांगा लागतात.

बार्शीची_आई

दाखला काढलाय. आता क्रम असा लावतोय: सांगली वालचंद इलेक्ट्रिकल, कराड शासकीय इलेक्ट्रिकल, संभाजीनगर शासकीय इलेक्ट्रिकल, नांदेड इन्स्ट्रुमेंटेशन, मग सांगली इलेक्ट्रॉनिक्स. सांगली अवघड आहे हे माहीत आहे, तरी वर ठेवू का? की मिळेल तेच वर ठेवायचं? शेजारच्यांनी टीएफडब्ल्यूएसचे (शुल्कमाफीच्या जागांचे) कोडही टाका म्हणून सांगितलंय.

जाहिरात_आधी_वाचा

सांगली वरच ठेवा. वर न मिळणारा पर्याय टाकल्यानं खालचा हातचा जात नाही. मात्र पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय लागला तर तो आपोआप गोठतो आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. म्हणून पहिल्या जागी डोळे झाकून घ्याल असंच टाका. टीएफडब्ल्यूएसमध्ये शिकवणी शुल्क माफ होतं, पण त्या जागेवर नंतर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही. मुलींची शुल्कमाफी लागू होत असेल तर त्या बंधनात पडायची गरज नाही.

खडू_फळा

क्रम चांगला आहे. एकच सुचवतो. नांदेडला इलेक्ट्रिकलही आहे, ते इन्स्ट्रूच्या वर टाकायचं की खाली, हे लेकीला ठरवू द्या. आणि कागदपत्रं जमा करायला प्रत्यक्ष जाल तेव्हा ऑफिसातून परत फिरू नका. मशिन्सची आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणा. लॅब असिस्टंट सहसा नाही म्हणत नाहीत. किट चालू आहेत का, की कपाटात कुलूपबंद आहेत, ते तिथल्या मुलांनाच विचारा.

बार्शीची_आई

ती म्हणते नांदेडला इलेक्ट्रिकल वर, इन्स्ट्रू त्याखाली. तसंच टाकतेय. फॉर्म उद्या सकाळी लॉक करू.